अक्षरे काय, कोणीही भरील

६ जानेवारी १९३३, रत्नागिरी

आज दुपारी बाराच्या सुमारास मी व्यापारी चित्रकार झालो. गेल्या महिन्यापर्यंत मी गिरगावातल्या एका शिळाछाप छापखान्यात रंग भरणारा होतो. सहा वर्षांत शेकडो लक्ष्म्यांची लुगडी रंगवली. ढग आणि कमळे किती, ते देवालाच ठाऊक. छापखाना बंद पडला, मालक आपल्या गावी निघून गेला आणि मी वळकटी, रंगांची पेटी व अकरा ब्रश घेऊन आगबोटीने घरी आलो. बोटीवर सगळे ओकत होते. मी मात्र कठड्याला टेकून मोठमोठे बेत करत होतो.

बेत असा. रत्नागिरीत एवढे धंदे आहेत आणि एकालाही धड चित्र नाही. बाटलीवर नाही, पेटीवर नाही, दुकानाच्या पाटीवर नाही. आज वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात धंदा, दुसऱ्यात त्या धंद्याला काय हवे, तिसऱ्यात मला काय काढायला आवडेल. तिसरा रकाना लगेच भरला : समुद्रमंथन, गजलक्ष्मी, चांदण्यातली नौका, आंब्याखाली बसलेली विरहिणी. पहिलाही भरला : वैद्य, आंबेवाले, नाटकवाले, शिंपी, सोनार. मधला कोरा राहिला. तो लोकांना भेटल्यावर भरता येईल.

वही आप्पांना दाखवली. आप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षे मालाच्या फत्तेमारीवर खलाशांचे तांडेल होते. आता गुडघे गेल्यामुळे पडवीत बसून दोर वळतात आणि कुठले गलबत कधी आले-गेले यावर लक्ष ठेवतात. त्यांनी वही उलटी धरली, मग सुलटी केली आणि म्हणाले, "बंदरावरच्या कचेरीतला कारकून मे अखेर पेन्शनीत जातोय. साहेबाकडं शब्द टाकलाय. एक जूनला तू त्याच्या स्टुलावर बसायचंस."

"आणि तोवर धंदा चालला तर?"

"तोवर काय ती चितरं काढ. चालला तर बघू."

म्हणजे जवळजवळ पाच महिने आहेत. एवढ्या अवधीत लोकांनी राज्ये जिंकली आहेत.

हिने वही वाचली आणि एवढेच विचारले, "आणि अक्षरं कोण लिहिणार?" ही म्हणजे माझी बायको. लग्नाला दोन वर्षे झाली, पण मी मुंबईत आणि ही इथे आप्पांजवळ. सगळे मिळून दोन महिने आम्ही एका घरात काढले असतील. वेळणेश्वरच्या शाळामास्तरांची मुलगी. तिथल्या शाळेतल्या साऱ्या पोरांचे कित्ते हीच लिहून द्यायची, असे आमचे सासरे लग्नात सांगत होते.

मी म्हटले, "अक्षरे काय, कोणीही भरील. तू भर."

"बरं," ती म्हणाली, आणि परसातून बोरू कापून आणायला गेली.

१२ जानेवारी

पहिले काम मिळाले. घरी येईपर्यंत मी जवळजवळ धावत होतो.

धोंडोपंत वैद्यांचे दुकान रामआळीच्या टोकाला आहे. नुसता नमस्कार करायला गेलो आणि दोन तासांनी बाहेर पडलो. वैद्यबुवा फारसे बोलत नाहीत म्हणतात. पण मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. बाटल्या सगळ्या सारख्या दिसतात. लोक घरी जाऊन खोकल्याचा काढा अंगाला चोळतात आणि चोळायचे तेल पितात. मागच्या दिवाळीत पेठकिल्ल्यातल्या एका म्हातारीने सबंध बाटलीभर तेल प्यायले. तिला बरे वाटले आणि आता ती तेच मागते. सांगता सांगता बुवांच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी म्हणाले, "दोन्ही बाटल्यांना चिठ्ठ्या करून आण बाबा."

तिसरा रकाना, पहिली ओळ : समुद्रमंथन.

१७ जानेवारी

चार दिवस खपून समुद्रमंथन काढले. मधोमध कुंभ घेऊन वर येणारा धन्वंतरी, मागे पर्वत, पर्वताला वासुकी, एका बाजूला तेवीस देव आणि दुसऱ्या बाजूला जागा न उरल्यामुळे नऊच दैत्य. चिठ्ठी तीन बोटे रुंद आहे. एवढ्यात एवढे बसवणारा माणूस मुंबईतही विरळा.

खालच्या पट्टीत हिने अक्षरे भरली. एका चिठ्ठीवर 'पोटात' आणि दुसरीवर 'अंगाला', एवढेच शब्द ठळक. औषधाचे नाव बारीक. मी म्हटले, नाव मोठे हवे. तर म्हणते, "तेल प्यायलेल्या म्हातारीला नाव घेऊन काय करायचंय?" मी वाद घातला नाही. अक्षरांत मला गोडी नाही.

वैद्यबुवांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. "हा बुडतोय तो रोगी का?"

मी धन्वंतरीची कथा सांगितली. त्यांना ती माझ्याआधीपासून माहीत होती. मग त्यांनी दोन्ही बाटल्या लांबच्या फळीवर ठेवल्या, चष्मा काढला, उंबऱ्यापर्यंत मागे गेले आणि तिथून वाचले, "पोटात. अंगाला." पुन्हा वाचले. हसले. म्हणाले, "हे झकास. ते बुडणारे मंडळ काढून टाक."

काढून टाकले. दुसऱ्या रकान्यात लिहिले : वैद्य, नजर अधू.

३ फेब्रुवारी

सोनार झाला, शिंपी झाला, मांडवीच्या वाटेवरचा चहावाला झाला. तिघांनी पाट्या करून घेतल्या. मी दारात उभा राहिलो की लोक आत बोलावतात, बसवतात आणि सगळे पोटातले सांगतात, हे माझे नशीब म्हणायचे. शिंप्याने तर थोरल्या भावाशी का पटत नाही तेही सांगितले. तिघेही म्हणाले, "वैद्यांच्या बाटलीवर आहे तसलं काहीतरी करा." म्हणजे समुद्रमंथनाचा बोलबाला झालेला दिसतो. कोणी पाहिले तर नव्हते, पण अशा गोष्टी लपत नाहीत.

घरी आलो की ही विचारत बसते. दुकानाचे तोंड कुठे, ऊन कोणत्या वेळी येते, लोक समोरून येतात की उतारावरून. मला सगळे ठाऊक असते, कारण मी तिथे अर्धा अर्धा दिवस बसलेला असतो. शिंप्याच्या पाटीवर मी मोर काढला. ही म्हणाली, मोर लहान करा, नाहीतर 'शिंपी' वाचताना लोक पिसाऱ्यात अडकतील. चहावाल्याच्या पाटीवरचा माझा वाफाळता कप मात्र तिने तसाच ठेवला. वर म्हणाली, "कप छान झालाय हो." दिवसभर तो कप डोळ्यांपुढून हलत नव्हता.

१९ फेब्रुवारी

आजच्या प्रकाराने मला हसावे की अभिमानाने फुगावे ते कळेना. शेवटी दोन्ही केले.

गावात नाटक मंडळी उतरली आहे. त्यांच्या व्यवस्थापकाला मी पहिल्याच दिवशी गाठले, आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या खांद्यावर हात टाकून फिरत होता. मोठे चित्र मागितले. पुरुषभर उंचीची नायिका काढली, हातात वीणा, केसांत चाफा. ओठांना तीन तांबडे लावले. खाली वेगळ्या पट्टीवर हिने नाटकाचे नाव, वार आणि वेळ लिहिली. तांदळाच्या खळीने भिंतीला चिकटवून घरी आलो.

सकाळी जाऊन बघतो तर एक तांबडी गाय नायिका खाते आहे. वीणा संपली होती, मानेपर्यंत आली होती. चाफ्याकडे पाहून जरा थांबली, मग तोही खाल्ला. मी हाकलेपर्यंत भिंतीवर एकटी अक्षरांची पट्टी राहिली. पट्टीच्या खळीत हिने कडुनिंबाचा पाला कुटून घातला होता म्हणे. मला बोलली नाही, कारण मी नायिकेचा रंग वाळवण्यात गुंतलो होतो.

खेळाला तोबा गर्दी झाली. व्यवस्थापकाने मला मिठी मारली. चित्र इतके जिवंत होते की मुक्या जनावरालाही राहवले नाही, हे मी आप्पांना समजावून सांगितले. आप्पा म्हणाले, "लोकांनी बघितली ती काय मग? गाय?"

२६ फेब्रुवारी

आज खरे लिहितो. मन थोडे खट्टू आहे. आठ पाट्या, दोन चिठ्ठ्या, एक गाय. एवढ्यांत एका कपाशिवाय माझे चित्र आहे तसे कोणी ठेवले नाही. सगळे अक्षरांबद्दल बोलतात. बोलेनात का, पण असे बोलतात की जणू मी तिथे नाहीच. लोकांना कलेची सवय लागायला वेळ लागतो, असे म्हणून मनाची समजूत घातली. ही तर माझ्याहून जास्त राबते. सकाळी दळण, मग स्वयंपाक, मग दुपारी मागच्या पडवीत मांडी घालून बोरू. काल बोटांना काजळी लागली होती, तीच कपाळाला लागली. मी सांगितले तर हसली. मी आजवर तिला इतके हसताना पाहिले नव्हते.

चांदण्यातली नौका अजून कोणी मागितलेली नाही.

१५ मार्च

शिमग्याची धामधूम संपली आणि मी होडीने खाडी ओलांडून पलीकडे सगुणाबाईंच्या बागेत गेलो. नवरा गेल्यापासून त्या एकट्या दोनशे कलमे सांभाळतात. मोठ्या जरबेचा स्वभाव. मला पाहून म्हणाल्या, "तूच का तो गाईवाला?"

मी म्हटले, "तोच."

त्यांनी बसायला पाट दिला. मग मी विचारले की मुंबईला पाठवलेला माल पोचतो कसा, आणि धरणाचे दार उघडल्यासारखे झाले. बंदरात पेट्या छोट्या पडावात टाकतात, पडावातून आगबोटीवर, मुंबईला धक्क्यावर हमालांच्या डोक्यावर. प्रत्येक ठिकाणी सगळ्या बागायतदारांच्या पेट्या एकात एक. सगुणाबाईंचा निवडक हापूस गेल्या साली दुसऱ्याच दलालाच्या वखारीत जाऊन पडला आणि त्यांच्या नावावर कोणाचा तरी डागी माल खपला. मुंबईच्या दलालाने पत्र पाठवले की बाई, तुमचा आंबा बिघडला. "माझा आंबा बिघडला म्हणतो," त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. "ह्या साली परत असं झालं ना, तर दलाल मला दारात उभा करायचा नाय. मग बाग काय करू, नुसती बघत बसू?"

"पेटीवर नाव नसतं?"

"असतं की. खडूनं. आणि हमालांना वाचता येतं कुठं?"

मी शब्द दिला की तुमची पेटी हजारांत ओळखू येईल. येताना होडीत उभा राहून बोलत होतो, म्हणून होडीवाला ओरडला. अखेर आंबा. आंब्याखालची विरहिणी.

२१ मार्च

विरहिणी काढली. अतिशय सुंदर. ती छापून पेटीला डकवायची असा बेत होता. आप्पांनी एकवार तिच्याकडे पाहिले आणि कागद पाण्याच्या बादलीत बुडवला. मी किंचाळलोच.

"पडावात पेटी बसते ती अशी," आप्पा म्हणाले. "खारं पाणी घोट्यापर्यंत असतंय."

विरहिणी विरघळून गेली. तरी बादलीतला रंग फार छान दिसत होता.

२४ मार्च

मग पत्र्याचा साचा. रॉकेलच्या डब्याचा पत्रा सपाट करायचा, आकार छिन्नीने कापायचा, पेटीवर ठेवून वरून काळा रंग थोपटायचा. हे काम मला चांगले येते, हाताने बारीक कापायला मी पहिल्यापासून तरबेज. हौसेने सगुणाबाईंची अख्खी बाग पत्र्यावर आखली आणि कापली. शेवटचे पान कापून झाले तेव्हा सगळी बाग टपकन खाली पडली. हातात नुसती चौकट.

ही जात्यापाशी बसून बघत होती. जात्याभोवती सांडलेल्या पिठात तिने बोट फिरवले. 'स' काढला. सगुणाबाईंचा स. पण त्याची डावीकडची गाठ फुगवून तिने तिचा आंबा केला होता, चोच जराशी वळलेली, अगदी हापूस. "लांबून आंबा दिसेल," ती म्हणाली. "जवळून स. वाचता येणाऱ्याला स, न येणाऱ्याला आंबा."

"आणि आंब्याचे पोट? कापले की पडणार."

"देठ ठेवा की इथे. फळ देठालाच लटकतं ना."

मी देठ ठेवून कापला. पोट पडले नाही. पाटावर छाप उठवला, पाट अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला आणि दोघे पडवीतून बघत राहिलो. मग भिंतीवर उठवला. मग कोंबड्यांच्या खुराड्यावर. मग ही म्हणाली आता पुरे, पण तिनेच एक छाप माझ्या पाठीवर, सदऱ्यावर मारला. आप्पा दोर वळता वळता म्हणाले, "ह्याला आता मुंबईला पाठवा." आम्ही दोघे इतके हसलो की शेजारची तुळसाकाकू कुंपणाशी येऊन काय झाले म्हणून विचारून गेली.

९ एप्रिल

आप्पांना आधार देत मांडवी बंदरावर नेले. आगबोट खोल पाण्यात उभी होती, पडाव भरत होते. शेकडो पेट्या, आणि त्यांत सगुणाबाईंच्या जणू स्वतःहून पुढे आल्यासारख्या. एक हमाल दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "ए, आंब्याचा स इकडं, आंब्याचा स." त्याला वाचता येत नसणार, पण 'स' म्हणत होता.

सगुणाबाई पदर खोचून पेट्या मोजत होत्या. मला म्हणाल्या, "घरी सांग, सगुणाबाईनं विचारलंय." घरी म्हणजे कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही.

२ मे

सगुणाबाईंना दलालाचे कार्ड आले. एकही पेटी चुकली नाही. मुंबईच्या बाजारात गिऱ्हाईक 'सवाला आंबा' मागू लागले आहे. सगुणाबाईंनी स्वतः येऊन हे वाचून घेतले, दोनदा, आणि जाताना हिच्या ओटीत डझनभर हापूस घालून गेल्या. आणखी पाच बागायतदार साचे मागत आहेत. त्यांतल्या चौघांना मी नुसता बोलत बसून बाटलीत उतरवले.

कार्डाखाली आणखी एक ओळ आहे. एका जाहिरात कंपनीचे व्यवस्थापक खानविलकर म्हणून आहेत, त्यांनी बाजारात ती पेटी पाहिली. ते सुट्टीत चिपळूणकडे आपल्या गावी येणार आहेत, तेव्हा या चित्रकाराला भेटणार. मी ती ओळ आंघोळ करतानाही म्हणत होतो. जाहिरात कंपनी. टेबल, खुर्ची, वर फिरणारा पंखा.

१४ मे

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

खानविलकर दहाच्या सुमारास आले. गोरे, ठेंगणे, रुमालाने सारखा घाम टिपणारे. पाच मिनिटांत ते माझे जुने स्नेही असल्यासारखे बोलू लागले. आमच्या कंपनीला अक्षरांचा माणूस हवा आहे म्हणाले. इंग्रजी अक्षरे काढणारे शंभर आहेत, पण आपली बाळबोध अक्षरे सगळे एकाच ठशाची काढतात. मी मान डोलावत होतो.

मग त्यांनी पिशवीतून जाड कागद काढला. "एक नवं केसांचं तेल निघतंय. 'भृंगसुधा'. जरा माझ्यासमोर लिहून दाखवा. हात चालताना बघायला मला आवडतं."

बोरू हातात घेतला. 'भृ' काढला. मग अनुस्वाराचा ठिपका इतका मोठा पडला की त्याचाच आंबा झाला. 'ग' बरा होता, पण तो 'सु'पासून फार लांब गेला, जणू भांडण झाले असावे. 'धा' कागदाच्या कडेवरून खाली आला. पडवीत आप्पांचा दोर वळण्याचा आवाज थांबला होता.

खानविलकरांनी घाम टिपला. मी म्हणू शकलो असतो की बोट कापले आहे. ते वाक्य जिभेवर आले सुद्धा. पण त्यांनी कागद उचलून इतक्या सभ्यपणे बाजूला ठेवला की मला माझीच लाज वाटली.

"हा हात तो नाही," मी म्हटले.

"म्हणजे?"

"अक्षरांचा हात आत बांगडे साफ करतोय."

ही दारात आली. पदर डोक्यावरून, हात ओले. "चिंच लावून धुतलेत, तरी कागदाला वास लागेल," म्हणाली.

"लागू दे," खानविलकर म्हणाले.

ती बसली. बोरू घेतला नाही. आधी विचारले, "तेल कोणासाठी?"

"बायकांसाठी."

"आणतं कोण दुकानातून?"

खानविलकर थांबले. "बहुतेक नवरेच."

"मग त्यांना लांबून वाचता यायला हवं, आणि घरी आणल्यावर बाईला फणीपाशी ठेवावंसं वाटायला हवं." मग तिने लिहिले. पाच प्रकारांनी लिहिले. शेवटच्यात 'भृ'चा ऋकार असा खाली वळला होता, जसा न्हालेल्या केसांचा शेवट वळतो. मी तिच्याजवळ बसून बघत होतो. चारशे लक्ष्म्या एकीकडे आणि तो ऋकार एकीकडे. आजवर मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. जानेवारीपासून रोज माझ्या घरात होता.

खानविलकरांनी तो कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. म्हणाले, कचेरीत बाईला टेबल देता येणार नाही, मालक ऐकायचे नाहीत. पण काम टपालाने पाठवू, महिन्याच्या महिन्याला. "तुमच्या नावानं पाठवतो, हरिश्चंद्रराव. बाईमाणसाचं नाव आमच्या वह्यांत बरं दिसत नाही."

मी म्हटले, "चालेल."

ही आत गेली. दुपारच्या कालवणात मीठ नव्हते. आप्पा आणि मी तसेच जेवलो.

१६ मे

दोन दिवस घरात सगळे ठीक आहे. ती बोलते, विचारले तर उत्तर देते. फक्त काल बागायतदारांच्या साच्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं." असे ती कधी म्हणत नाही.

गिरगावात मी रंगवलेल्या चित्रांखाली हेड चित्रकाराची सही असायची. इराण्याच्या हॉटेलात एकदा माझ्याच लक्ष्मीखाली बसून चहा घेतला आणि शेजारच्याला सांगितले की हे लुगडे माझे. तो म्हणाला, खाली तर दुसऱ्याचे नाव आहे. तो चहा मी अर्धा टाकून उठलो होतो.

आज खानविलकरांना पत्र लिहिले. काम जिचे आहे तिच्या नावाने पाठवावे, वह्यांत दिसायला कसेही दिसो. तसे जमत नसेल तर पाठवू नये. टेबल, खुर्ची, पंखा सगळे त्याच पाकिटात घातले आणि पाकीट बंद केले. वरचा पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. तिने आत काय आहे ते विचारले नाही. पत्ता मात्र असा लिहिला की टपालवाला चुकून दुसऱ्या गावी जाणार नाही.

२७ मे

उत्तर नाही. एक जून पाच दिवसांवर. मी आज आपण होऊन आप्पांना म्हणालो की स्टुलावर बसतो. कचेरीतून आल्यावर साचे कापीन.

आप्पा म्हणाले, "ती जागा दुसऱ्याला गेली."

"कोणी घालवली?"

"मी. काल काठी टेकत गेलो नि साहेबाला सांगून आलो." त्यांनी दोराचा पीळ तपासला. "तीस वर्षं माणसं बोटीवर घेतली मी. डोलकाठीवर कोण चढेल नि सुकाणूला कोण बसेल ते बघून घ्यायचो. तुझी चितरं बरी हायत, पण बरी म्हणजे बरी. तुला लोक सांगतात रे. मला त्या वैद्यानं तीस वर्षांत खोकल्याशिवाय काय ऐकवलं नाय. तू दारोदार जा, लोकांना काय पायजे ते घेऊन ये. करायचं ते ती करील. साचे काप. मधे कुठं जागा उरली तर काढ एखादं कमळ."

"आणि खानविलकरांनी काम नाही पाठवलं तर?"

"पाच बागायतदार हायत ना. पाचाचे पंधरा करायला तुला बोलायचंच तर हाय."

थोडा वेळ मी रागावलो. मग वही काढली आणि तिसऱ्या रकान्यावर आडवी रेघ मारली. मधल्या रकान्यात लिहायला बसलो तेव्हा कळले की तो मला सबंध पाठ आहे. शिंप्याचे उतारावरचे दुकान, वैद्यांची म्हातारी, पडावातले पाणी. बसल्या बैठकीत चार पाने भरली. ही मागून वाचत उभी होती. म्हणाली, "शिंप्याचा भाऊ राहिला."

३० मे

सदू पोस्टमन दुपारी आला. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीचे टपाल होते. हातात मोठे, सुतळीने बांधलेले पुडके. तो आळीत आधी तीन घरे फिरून आला होता आणि वैतागला होता.

"हरिश्चंद्र शिवलकर तुम्हीच ना? पण हे तुमचं नाय. हे कोणा बाईचं. आळीत कुणालाच ठाऊक नाय ही कोण ते." त्याने पत्ता वाचायला डोळे बारीक केले. "सौभाग्यवती दमयंती हरिश्चंद्र शिवलकर, अक्षरलेखिका."

आळीत ती मास्तरांची मुलगी होती, आप्पांची सून होती, पलीकडच्या पोरांची वहिनी होती. मी सुद्धा 'अगं' याच्यापुढे कधी गेलो नव्हतो. समोरच्या ओट्यावर तुळसाकाकू तांदूळ निवडत बसली होती. आप्पा पडवीत होते. मी दाराकडे तोंड केले आणि सगळा जोर लावून हाक मारली.

"दमयंती."

आत भांडे पडले. तुळसाकाकूचे सूप थांबले. आप्पांनी दोर खाली ठेवला, एकवार माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा उचलला.

ती बाहेर आली. कानांपर्यंत लाल झाली होती. सदूने सवयीने शाईची डबी पुढे केली, अंगठ्यासाठी. तिने ती हळूच बाजूला सारली, त्याच्या कानामागचा टाक मागून घेतला आणि पावतीवर सही केली. सदूने पावती उजेडात धरली, मागून बघितली, फुंकर घातली. "छापलंय का लिहिलंय?" असे पुटपुटत तो गेला.

पुडके आम्ही मागच्या पडवीत उघडले. सहा कामे होती आणि खानविलकरांची दोन ओळींची चिठ्ठी : मालकांनी नाव वाचून कपाळाला आठ्या घातल्या, मग अक्षरे पाहिली. पुढचे सांगायची गरज नाही.

तिने कागद मांडीवर सारखे केले.

"केवढ्यांदा ओरडलात," ती म्हणाली. "भाट्याच्या खाडीपर्यंत गेलं असेल."

"राग आला?"

तिने डोके हलवले. कागदाची कड नखाने सरळ केली. "नाही. पण 'यं'वरचा अनुस्वार खाल्लात."

मग मी अनुस्वारासकट पुन्हा हाक मारली.